शुक्रवारचं चाय-खुबूस

ताहिराला कुवेतमध्ये येऊन चौथा दिवस होता, आणि चौथ्याच दिवशी तिने फ्रीज धुवायला काढला.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याला भेटायला आलेली बाई आणि फ्रीज कसला धुते? पण जो माणूस एकवीस वर्षं परदेशात राहिला, दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांसाठी घरी आला आणि बाकी सगळा संसार फोनवर केला, त्याच्या घरात शिरल्यावर बाईने करायचं तरी काय? आधी कोपरान् कोपरा बघून घ्यायचा. सासू अंथरुणाला खिळलेली होती तोवर ताहिराला हर्णै सोडता आलं नव्हतं. सासू गेली, लेक तहरीम लग्न होऊन सासरी गेली, आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तीन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा हातात पडला. तीन महिने म्हणजे काय, डोळा लागून उघडेपर्यंत संपतात. वेळ घालवायला तिच्याकडे वेळ नव्हता.

घरही त्यांचं नव्हतंच. अशरफ जलीबमध्ये एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचा. अब्बासियातला हा फ्लॅट गाववाल्या साबीरचा. त्याची बायकामुलं शाळेच्या सुट्टीत गावी गेली होती. साबीरने चाव्या अशरफच्या हातात ठेवल्या, म्हणाला, भाभींना घेऊन रहा, आणि स्वतः जाऊन अशरफच्या खाटेवर झोपायला लागला.

तर फ्रीज. खालच्या कप्प्यात निळ्या झाकणाचा एक काचेचा डबा होता. ताहिराने झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. चिकनचे पातळ पातळ तुकडे, लालभडक चिकट पाण्यात बुडालेले. वर लसणीचा वास, आणि लसणीच्या खालून अननसाचा! तिने बोट लावून चाटलं. गोड.

"या अल्ला," ती एकटीच मोठ्याने म्हणाली, "ह्या माणसाने चिकन न धुताच ठेवला."

तिच्या घरात कोंबडी सात पाण्यांनी धुतल्याशिवाय चुलीपाशी येत नसे. मीठ चोळायचं, शिरका चोळायचा, हळद चोळायची, आणि पाणी अगदी नितळ निघेपर्यंत खळाळून धुवायचं. आईने शिकवलेलं. तिने बाह्या सरसावल्या आणि नळाखाली तो डबा रिकामा केला. लाल पाणी वाहून गेलं, लसणीचे बारीक तुकडे जाळीत अडकले, ते तिने चिमटीने उचलून टाकले. मग खोबरं भाजून, वाटण लावून झकास सालन केलं. मनाशी म्हणाली, बघा, बायको आल्यावर घरात काय शिजतं ते.

अशरफ एका खाजगी क्लिनिकची व्हॅन चालवायचा. सकाळी स्टाफला आणायचं, दुपारी अर्ध्यांना सोडायचं, संध्याकाळी परत. दुपारी तो घरी आला, पाणी प्यायला फ्रीज उघडला आणि तसाच उभा राहिला. मग त्याला ओट्यावर पालथा घातलेला काचेचा डबा दिसला.

"ह्यातला चिकन कुठे गेला?"

"धुतला. सालन केला त्याचा. न धुताच ठेवला होता तुमी."

"धुतलास?"

जणू तिने त्याचा पासपोर्ट धुतला होता. तो स्टुलावर बसला. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सिंककडे बघत राहिला. ताहिरा बघत होती. सासू वारली तेव्हा हा माणूस विमानतळावरून थेट कब्रस्तानात आला होता, तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

"तीन दिवस मुरवायचा असतो तो," शेवटी तो म्हणाला. "फिलिपिनो लोक करतात. टोसिनो म्हणतात. तुझ्यासाठीच होता, शुक्रवारच्या नाश्त्याला."

"चिकनात साखर?"

"गोडच असतो."

"तुमना कोणी शिकवला?"

झालं. साधा प्रश्न होता. पण अशरफ उठला, नळ सोडला, धुतलेलाच ग्लास पुन्हा विसळायला लागला आणि पाठ करून म्हणाला, "रूमवर एक फिलिपिनो माणूस होता. तो करायचा."

मग तो जेवायला बसला. सालन चांगलं झालंय म्हणाला. दोनदा म्हणाला. आणि इकडे ताहिराच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

कारण रूमवर कोण कोण होतं हे तिच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं! चार कोकणातले, दोन हैदराबादचे. त्यांतला कोण घोरतो, कोणाची बायको कितव्यांदा बाळंत झाली, कोण बाथरूममध्ये अर्धा तास गाणी म्हणत बसतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. अकबर गेला आणि त्याच्या खाटेवर तौफीक आला, ती तारीखसुद्धा तिला सांगता आली असती. नवऱ्याच्या त्या खोलीत ती कधी गेली नव्हती, पण तिथे राहत होती. आणि त्या खोलीत कधी, एकदासुद्धा, फिलिपिनो नव्हता.

आता इथे तुम्हाला शुक्रवारची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अशरफ फोन रोज करायचा. पण इतर दिवशीचा अशरफ म्हणजे "हूं", "बरं", "ठेवतो". दमलेला असायचा बिचारा. शुक्रवारचा अशरफ वेगळा. जुम्म्याची नमाज पढून तो फोन करायचा, आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन-चार व्हायचे. आणि तेव्हा तो बोलायचा! हसायचा, तहरीमच्या मास्तरांच्या नकला करायचा, आंब्याला मोहोर किती आलाय ते विचारायचा. ताहिरा आठवडाभर त्या अशरफची वाट बघायची. केस विंचरून, बाजेवर बसून, तहरीमला बाहेर पिटाळून ती फोन घ्यायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"सकाळी काय खालाव?"

"चाय-खुबूस. दुसरा काय?"

खुबूस म्हणजे तिकडची भट्टीतली रोटी, चामड्यासारखी. नऊ वर्षांपूर्वी अशरफ क्लिनिकात लागला तेव्हापासून शुक्रवारी सकाळी त्याची सफाईवाल्यांना नेण्याची ड्युटी असायची, मेस चुकायची, आणि त्याच्या नशिबी हे चाय-खुबूस यायचं. ऐकून ताहिराला वाटायचं, नवरा वाळवंटात कोरडी रोटी चावतो आणि आपण इथे मलिदा हाणायचा?

म्हणून तिने एक गोष्ट केली. कुणाला सांगितली नाही. शुक्रवारी सकाळी तीही फक्त चहा आणि कोरडा पाव खायला लागली. शेजारची असमा गरमागरम सांदणं आणून द्यायची, ती तहरीमला जायची, सासूला जायची. सासू करवादायची, "तुला काय धाड भरली? खा की." ताहिरा म्हणायची, पोट बरं नाही. नऊ वर्षं दर शुक्रवारी तिचं पोट बरं नसायचं. पाव घशाखाली उतरताना तिला वाटायचं, आपण दोघं एका ताटात जेवतोय.

आता कळलं, किडा का वळवळला?

पुढच्या मंगळवारी अशरफने पुन्हा चिकन आणलं, आणि या वेळी ताहिरा दारात उभी राहून बघत होती. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून साखरेच्या डब्यावर ठेवलं. तंगड्यांचं मांस हाडावरून सोडवलं, पातळ कापलं. अननसाच्या डब्यातला रस घातला, तपकिरी साखर, सोया सॉस, शिरका, ठेचलेली लसूण, मिरी, चिमूटभर लाल रंग. मग हात घालून कालवलं, पण कसं? मनगट फिरवून, खालचं वर काढत, प्रत्येक तुकड्याला रस लागेल असं. शेवटी तळव्याने दाबून सपाट केलं आणि डब्याच्या काठाला लागलेला लाल डाग ओल्या फडक्याने पुसून घेतला.

त्या काठ पुसण्यापाशी ताहिराची खात्री झाली. रजेवर आला की हा माणूस पाण्याचा तांब्यासुद्धा भरून घेत नसे, बसल्या जागेवरून "पाणी!" म्हणायचा. डब्याचा काठ पुसायचं पुरुषाला सुचत नाही. ते बाईकडे बघून बघून येतं. शंभरदा बघितल्यावर येतं.

शुक्रवारी सकाळी सफाईवाल्यांना सोडून आल्यावर त्याने तवा ठेवला. आधी चिकन आणि वाटीभर पाणी. ताहिरा म्हणाली, तेल कुठाय? तो म्हणाला, मग. पाणी आटलं, मग चमचाभर तेल, आणि साखर चकाकायला लागली. घरभर असा वास सुटला की ताहिराच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्या पाण्याचाच तिला राग आला. तिने हात लांब करून गॅस मोठा केला. अशरफने तिचा हात अलगद बाजूला केला, गॅस बारीक केला आणि म्हणाला, "दाहान-दाहान."

ताहिरा थबकली. शब्द कळला नव्हता, पण आवाज कळला होता. तहरीम पहिली पावलं टाकायला लागली तेव्हा हा माणूस रजेवर होता, आणि हात पुढे करून अंगणात ह्याच आवाजात म्हणाला होता, हळू, हळू.

"ही काय भाषा?"

"अं? फिलिपिनो. म्हणजे सावकाश. साखर हाय ना, जळते."

"त्या रूमवाल्याने शिकवली?"

"हूं."

लसणीत परतलेला भात, वर तळलेलं अंडं आणि बाजूला ते लाल, चकाकणारं, कडेला किंचित करपलेलं चिकन. ताहिराने एक तुकडा तोंडात टाकला. वाईट असता तर किती बरं झालं असतं! पण तो चांगला होता. गोड, मग खारट, मग करपट, आणि मांस असं मऊ की दातांना कामच नाही. तिने चार तुकडे खाल्ले आणि प्रत्येक तुकड्यागणिक तिच्या अंगाचा तिळपापड होत गेला. हे. हे होतं तर चाय-खुबूस.

अशरफने चार तुकडे एका छोट्या डब्यात भरले. संध्याकाळच्या ड्युटीला नेतो म्हणाला, सगळे खातात. ताहिरा बरं म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची दाढ दुखायला लागली.

"कुठली?" अशरफने विचारलं.

"सगळ्या."

"फार्मसीतून गोळी आणतो."

"गोळी कशाला? तुमचा क्लिनिक हाय ना? दाताचा डॉक्टर असेल की तिकडे. का मना न्यायला लाज वाटते तुमना?"

यावर कोणता नवरा काय बोलेल? नेलं मुकाट्याने.

क्लिनिकात ताहिरा गालाला ओढणी लावून बसली आणि डोळ्यांनी सगळ्यांचा पंचनामा करत राहिली. काउंटरवर पद्मजा नावाची नाशिकची मुलगी होती, ती तोंड भरून हसली, "ताहिराभाभी ना तुम्ही? अशरफभाईंनी सांगितलं होतं येणार म्हणून." ती बाद. फिलिपिनो नर्सा दोन होत्या. एक फारच कोवळी, तहरीमच्या वयाची. दुसरी मात्र... कमरेत बारीक, भुवया कोरलेल्या, ओठांना गुलाबी रंग. ताहिराने स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि ओढणी पुढे घेतली. हीच. नऊ वर्षांपूर्वी तर ही अजूनच देखणी असणार. अशरफ तिच्याजवळून जाईल तेव्हा तो कुठे बघतो, ते ती डोळ्यात तेल घालून बघत होती. तो भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत होता.

तेवढ्यात पॅन्ट्रीचं दार उघडलं आणि चहाचा ट्रे घेऊन एक जाडी, बुटकी बाई लंगडत बाहेर आली. पन्नाशी उलटलेली, केसांची मुळं पांढरी, एका गुडघ्याला पट्टा, पायात सपाता. तिने ताहिराकडे पाहिलं, ट्रे दाणकन काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हात पसरले.

"ताहिरा!"

आणि ताहिराला काही कळायच्या आत तिला मिठी मारली. तिच्या अंगाला लसणीचा वास येत होता.

"मैं लोर्ना! फोटो में तुम पतला. अभी अच्छा," असं म्हणून ती खदखदा हसली. वीसेक वर्षं सगळ्या देशांच्या लोकांना चहा देऊन जमवलेलं तिचं हिंदी होतं. "तहरीम कैसा? बेबी आया? सास मर गया, मैं रोया बहुत. चिकन खाया? पहला वाला, नीला डब्बा? वो मैंने बनाया. तुम्हारे वास्ते. वेलकम! अशरफ बोला, भाभी पूरा खाया, उंगली चाटा."

ताहिराने नवऱ्याकडे पाहिलं. तो आता जमिनीकडे बघत होता. म्हणजे तो निळा डबा ह्या बाईने पाठवला होता, आणि धुण्याची गोष्ट त्याने हिच्यापासून लपवली होती. दोन्हीकडे तोंड सांभाळून घेत होता शहाणा.

"अच्छा था," ताहिरा म्हणाली.

लोर्नाने तिला हाताला धरून पॅन्ट्रीत नेलं. एक ओटा, दोन खुर्च्या, खिडकीपाशी एक लहान टेबल. आणि फळीवर एक काचेची बरणी, तोंडाला निळ्या फुलांचं फडकं बांधलेली. ते फडकं तहरीमच्या जुन्या फ्रॉकचं होतं. टाके ताहिराच्या हातचे होते. दरवर्षी कुणी ना कुणी कुवेतला जाताना ती कोकम पाठवायची, आणि दर वर्षी अशरफ सांगायचा, रूमवाल्यांनी संपवलं, अजून पाठव.

"तुम्हारा फिशकरी," लोर्ना अभिमानाने म्हणाली. "मैं बनाता. कोकम छह पीस. लास्ट में. उसके बाद नो बॉइल, फट जाता."

हे शब्द ताहिराचे होते. अगदी हेच. एका शुक्रवारी अशरफने फोनवर विचारलं होतं, तुझ्या हातचं कालवण कसं करायचं? आणि तिने डोळे पुसत, बोटांवर मोजत सांगितलं होतं: सहा कोकमं, शेवटी घाला, मग उकळू नका, रस फुटतो. फोन ठेवल्यावर ती किती वेळ हरखून बसली होती. नवऱ्याला आपल्या हाताची आठवण येते म्हणून!

लोर्ना सांगत होती की तिचं आता इथलं संपलं. गुरुवारचं विमान. गावी इलोइलोला मुलगा आहे, नवरा कधीच गेला. गुडघा साथ देत नाही. ताहिरा मान हलवत होती आणि त्या दोन खुर्च्यांकडे बघत होती. एका खुर्चीवर पातळ उशी होती, गुडघेदुखीवालीची. दुसरीची पाठ एका बाजूला कलली होती. अशरफ घरी खुर्चीवर बसायचा तेव्हाही असाच एका अंगावर रेलून बसायचा. हर्णैच्या घरातल्या खुर्चीची पाठही तशीच कलली होती.

दाताच्या डॉक्टरने दाढांवर टकटक करून बघितलं आणि सगळ्या ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं.

परतताना सिग्नलला व्हॅन थांबली तेव्हा ताहिराने समोर बघत विचारलं, "हात लावलाव तिला?"

"अल्लाची कसम, नाय."

तिचा विश्वास बसला. ही पंचाईतच होती. हात लावला असता तर आरडाओरडा करता आला असता, साबीरला बोलावता आलं असतं, गावी फोन करता आला असता. आता काय सांगणार कुणाला? की नवरा एका लंगड्या म्हातारीबरोबर नाश्ता करायचा?

"मग खोटा कशाला बोललाव? चाय-खुबूस, चाय-खुबूस... नऊ वर्षं?"

सिग्नल हिरवा झाला. अशरफने गाडी काढली. म्हणाला, "तुला वाईट वाटला असता."

"कशाचा वाईट? चिकनचा?"

"शुक्रवारची वाट बघायचो मी, ताहिरा. सोमवारपासून बघायचो. सफाईवाल्यांना सोडला की नऊ वाजता ती तवा ठेवायची. दोघं बसून खायचो. ती तिच्या पोराचा सांगायची, मी तहरीमचा सांगायचो. बस. दुसरा काय नाय."

"आणि मना फोन करायचाव, तो?"

"तिकडून निघून जुम्मा पढायचो. मग तुला करायचो."

तर तो शुक्रवारचा अशरफ. हसणारा, नकला करणारा, मोहोर विचारणारा. ज्याच्यासाठी ती केस विंचरून बसायची. तो पोटभर जेवून, पोटभर बोलून, तिकडून हसत उठून यायचा, आणि उरलेलं हसू फोनवर हिला द्यायचा. आठवडाभर तिने जपून ठेवलेला तिचा नवरा दुसऱ्या बाईच्या टेबलावरून उठून आलेला होता. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची गेली, आणि तिथेच राहिली.

"मी पाव खायची," ती म्हणाली.

"काय?"

"काय नाय. गाडी बघून चालवा."

चार दिवस तिने त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. गुरुवारी अशरफ लोर्नाला विमानतळावर सोडून आला. ताहिराने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. येऊन स्टुलावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. ताहिरा कांदा चिरत होती, तिने सुरी जरा जास्तच जोरात चालवली. शुक्रवारी सकाळी तिने चहा केला आणि त्याच्यासमोर खुबूस आदळलं. त्याने ते निमूट खाल्लं. तिला वाटलं होतं, बघून गार वाटेल. नाही वाटलं. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी जागा रिकामी होती ती लोर्नाच्या आकाराची होती, आणि ताहिरा कितीही मोठ्याने भांडी आपटत असली तरी ती भरत नव्हती.

मग मंगळवारी ती उठली आणि एकटीच खालच्या बाकाल्यात गेली. बाकाला म्हणजे तिकडचं कोपऱ्यावरचं दुकान. तंगड्या आणल्या, अननसाचा डबा आणला, तपकिरी साखर आणली. तिने ठरवलंच होतं: त्या बाईचा पदार्थ घरातून हाकलता येत नसेल तर तो हिसकावून घ्यायचा. अशरफला पुन्हा कधी त्या लाल चिकनची आठवण आली, तर ती ताहिराच्या हातची यायला हवी.

चिकन तिने सात पाण्यांनी धुतलं. आधी धुतलं. मग पंच्याने टिपून कोरडं केलं आणि रस, साखर, लसूण, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं तसंच घातलं. शिरक्याच्या बाटलीकडे हात गेला, तो तिने मागे घेतला आणि गावाहून आणलेलं कोकमाचं आगळ दोन चमचे घातलं. लाल रंगाची गरजच पडली नाही. डब्याचा काठ पुसला. पुसताना दात-ओठ खाल्ले, पण पुसला.

शुक्रवारी नऊ वाजता तिने तवा ठेवला. आधी पाणी. अशरफ दारात येऊन उभा राहिला. त्याने वास घेतला, तिच्याकडे बघितलं, आणि दोन खुर्च्या टेबलाशी ओढल्या. तेल घातल्यावर गॅस मोठा करायला तिचा हात शिवशिवत होता. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

एक बाजू जराशी जास्तच करपली. अशरफने पहिला तुकडा खाल्ला, सावकाश चावला. "आंबट हाय थोडा."

"आगळ हाय."

"चांगला लागतो," तो म्हणाला, आणि दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग तो बोलायला लागला. साबीर त्याच्या खाटेवरून कसा पडला, तौफीकने त्याला साप आला म्हणून कसं घाबरवलं, नकला करून सांगायला लागला. ताहिरा हनुवटीला हात लावून बघत होती. शुक्रवारचा अशरफ. पहिल्यांदाच तो फोनमध्ये नव्हता. समोर होता, आणि त्याच्या मिशीला लाल चिकटा लागला होता. जिंकले, तिला वाटलं. जिंकले मी, लोर्नाबाई.

आणि फोन वाजला. स्क्रीनवर लोर्ना.

अशरफने ताहिराकडे पाहिलं. ताहिराने भुवई उडवली, घ्या ना, मी काय धरून ठेवलंय? त्याने घेतला. लोर्ना कुठल्याशा हिरव्या झाडाखाली, पत्र्याच्या छपराच्या ओसरीवर बसली होती, पाय बाकड्यावर लांब केलेला. एकटी होती. कुवेतमध्ये नऊ वाजून गेल्याचं तिला बरोबर ठाऊक होतं.

"अशरफ! नाश्ता? क्या खाया?"

अशरफने मिशीवरून हात फिरवला. "कुछ नहीं," तो म्हणाला. "चाय-खुबूस."

तोच आवाज. मऊ, थोडा घाईचा, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून काढलेला. नऊ वर्षं ताहिराने कानाला लावून ऐकलेला, आणि आता, समोर ताटात लाल तुकडे असताना, तो दुसऱ्या कुणासाठी होता. एक क्षण तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. आज मी टेबलावर, आणि ती फोनवर!

"ओ," लोर्ना म्हणाली. तिचा चेहरा पडला. "बिचारा. मैं भी. कुछ बनाया नहीं." आणि तिने कॅमेऱ्यासमोर हात धरला. हातात एक गोल, कोरडा पाव होता. अर्धा खाल्लेला.

ताहिरा खुर्चीवरून उठली, टेबलावरून वाकून तिने नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला.

"झूठ बोलता है ये," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो रागाने चढला होता की कशाने, हे तिलाही सांगता आलं नसतं. "टोसिनो खाया. पांच पीस. मैंने बनाया."

लोर्नाने डोळे बारीक केले. "तुमने?"

"हां. और सुन. तेरा वो नीला डब्बा, वेलकमवाला, वो मैंने नल के नीचे धो डाला था. सब. मेरे को मालूम नहीं था."

"धोया?" लोर्नाचा आवाज किंचाळल्यासारखा झाला. "टोसिनो धोया?" आणि मग ती हसायला लागली, इतकी की बाकड्यावरचा पाय खाली आला आणि ती गुडघा धरून कळवळली, आणि तरी हसतच राहिली.

ताहिरा हसली नाही. तिने फोन आणखी जवळ धरला.

"वो पाव नीचे रख," ती म्हणाली. "उठ, कुछ अच्छा बनाके खा. ये उधर भूखा नहीं रहता. मैंने नौ साल खाया सूखा पाव, हर शुक्रवार, इसका चाय-खुबूस सुनके. तू मत खा."

लोर्नाचं हसणं थांबलं. टेबलापलीकडे अशरफच्या हातातला तुकडा ताटात पडला.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

ताहिराने त्याच्याकडे बघितलं नाही. ती लोर्नाकडे बघत होती, लोर्ना तो पाव बशीत ठेवते की नाही ते.